चिमटीतला आकडा

आमच्या घरात 'संशय' हा शब्द कधी कोणी तोंडातून काढला नाही. त्याच्या जागी दोन साधे शब्द होते, 'पाहून घे'. माय सकाळी वाशीमच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. बायका मेथीची जुडी उलटी करून आत गवत तर कोंबलं नाही ना हे बघायच्या, अन् माय जरासुद्धा न चिडता म्हणायची, पाहून घे वो बाई. बाबांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. शेतकरी विहिरीवरची जळालेली मोटार आणून टाकायचे अन् आम्ही तार भरून होईपर्यंत समोर बसून राहायचे, कारण पाठ फिरली की रिवायंडिंगवाला बारीक तार भरतो, असं सगळ्या पंचक्रोशीत पक्कं ठरलेलं होतं. बाबांनी त्यांच्यासाठी एक लांब बाकडंच करून ठेवलं होतं. बसा, पाहून घ्या, चहा प्या. त्यात बाबांना अपमान वाटत नसे. मी या दोन शब्दांवर वाढले अन् मला त्यांची गोडी जरा जास्तच लागली. शाळेत पेन हरवलं की मी आधी शेजारणीचं दप्तर तपासायची, मग माझं.

दुकान पुढे, घर मागे, अन् त्याच्या मागे मायचा भाजीचा तुकडा. वांगी, सांबार, पालक, मेथी. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगून ठेवते, नाहीतर ते डाळीत शोधत बसतील. सकाळी डोळे उघडायच्या आधी दोन वास यायचे. एक मायच्या तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा अन् दुसरा वार्निशचा. नवीन भरलेल्या मोटारी वार्निशमध्ये बुडवून बाबा उन्हात ठेवायचे. त्या वासाने पाहुण्यांचं डोकं धरायचं, आम्हाला मात्र तो नसला की काहीतरी बिनसल्यासारखं वाटायचं. जळकी तार ठोकून बाहेर काढायचा आवाज दिवसभर चालायचा. तो थांबला की समजावं, जेवण वाढायची वेळ झाली.

दुकानातली सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे मीटर. पिवळा, आकडे दाखवणारा, लाल अन् काळ्या वायरींचा, टोकाला दोन अणकुच्या. त्याआधीचा काट्याचा मीटर होता, पण काटा इकडून पाहिला तर एक दिसतो, तिकडून पाहिला तर दुसरा. हा नवा आला तेव्हा बाबांनी त्याला हळदकुंकू लावलं अन् म्हणाले, आता कोणाशी तोंड वाजवायची गरज नाही, आकडा बोलतो. पुढे गिऱ्हाईक कुरकुरलं की ते एवढंच म्हणायचे, "माणूस खोटं बोलते, मीटर नाई." मला ते वाक्य फार आवडायचं. माझ्यासारख्या पोरीला देवाने दिलेला दुजोराच होता तो.

मी तेव्हा कॉलेजात जात होते अन् उरलेल्या वेळात दुकानात बसत होते. पोट्टी मोटारी भरते म्हणून बाकड्यावरची माणसं आधी एकमेकांकडे पाहायची, मग माझ्या हातांकडे. माझी बोटं बारीक अन् चपळ होती, पंख्याची बारीक तार बाबांपेक्षा मला चांगली जमायची. दोष एकच. हाताला घाम फार. परीक्षेत पेपर ओला व्हायचा. बाबांचे हात याच्या उलट, कोरडे ठाक, घट्टे पडलेले, वार्निशचा थर नखापासून पेरापर्यंत चढलेला. गरम भाकर ते तव्यावरून सरळ उचलायचे. आम्ही दोघंही मीटर लावायचो एकाच पद्धतीने. तारेचं उघडं टोक अन् मीटरची अणकुची अंगठा-तर्जनीच्या चिमटीत दाबून धरायची, दोन्ही हातांनी. मोटारीवर असंच करतात, कोणीही. आकडा येतो, लिहून घ्यायचा, संपलं.

अन् घरात होता गजामामा, मायचा धाकटा भाऊ. आजोबा गेल्यावर तो आमच्याकडेच वाढला, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. बाबांच्या हाताखाली दुकानात राबायचा अन् लग्नसराईत एका वरातीच्या वाजंत्री पार्टीत बेंजो वाजवायचा. आमचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळांची लांबट पेटी, तारांवरची, गळ्यात अडकवून वाजवायची. तारांखाली एक पिकप असतो, म्हणजे चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तारेचे हजारो वेढे. तार हलली की पिकपातून आवाज भोंग्यावर जातो अन् वरातीतले म्हातारेसुद्धा हात वर करतात. मामाचा बेंजो जुना होता, आवाज खरखरीत. तो संध्याकाळी मायच्या वांग्यांत बसून सराव करायचा. माय म्हणायची, वांगे किडले तं तुह्याच सुरानं किडतीन. पण तव्यावरची पहिली भाकर ती त्याच्याच ताटात टाकायची. आम्ही कोणी त्यावर हक्क सांगितला नाही. पहिली भाकर गजाननची, हे घरात ठरलेलं होतं.

त्या उन्हाळ्यात दुकानात गिटारमास्टर आला. अकोल्याकडच्या एका ऑर्केस्ट्रात होता, सासर वाशीमचं. त्याच्या विजेच्या गिटारीत दोन पिकप होते अन् त्यातला एक मुका झाला होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की बारीक तारेचं काम आमच्याकडे होतं. मास्टर आमच्याहून संशयी निघाला. गिटार मांडीवरून खाली ठेवायच्या आधी त्याने खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली अन् मुक्या पिकपाच्या वरच्या कडेवर ठिपका दिला. बदलू नये म्हणून. चांगल्यावर दिला नाही, कारण त्याला कोणी हात लावणारच नव्हतं. "दोन्ही ओरिजनल हायेत," तो म्हणाला. ओरिजनल हा शब्द तो इतक्या वेळा म्हणाला की बाकड्यावरचे शेतकरी आपसात हसायला लागले. बाबा म्हणाले, दोन्ही मोजून लिहून देतो, मग तर झालं? लाइट गेलेली, पंखा बंद, दुपारचे दोन वाजलेले. मी पेचकस घेऊन गिटार उघडली, तारांची टोकं सोडवली अन् चिमटीत धरून मोजली. मुक्या पिकपावर मीटरने नुसता एक दाखवला, म्हणजे तार कुठेतरी तुटलेली. चांगल्यावर आलं सात, म्हणजे सात किलो-ओहम, तार विजेला किती अडवते त्याचं माप. बाबांनी चिठ्ठीवर लिहिलं, एक बंद, एक सात, अन् खाली सही केली. मास्टरने चिठ्ठी चार घड्या करून पाकिटात ठेवली.

लाइट येईपर्यंत कावीळ काही गरम होईना, म्हणजे आमचा तार डागून जोडायचा सोल्डर, त्याचा दांडा पिवळा म्हणून आम्ही त्याला कावीळ म्हणायचो. मास्टर तासभर बसला, घाम पुसला, मग सासरी जेवायला गेला तो त्या दिवशी परत आलाच नाही. गिटार आमच्याकडे राहिली. दुसऱ्या दिवशी बाबा एका विहिरीवर मोटार बसवायला गेले, मी कॉलेजात अन् माय बाजारात. दुकानात एकटा मामा. त्याने मुक्या पिकपावरची पट्टी सोडली, तुटलेलं टोक सापडलं, ते डागलं अन् गिटार बंद करून ठेवली. संध्याकाळी मास्टर आला, वाजवून पाहिलं, दोन्ही बोलत होते. खुशीत गेला. हे इतकंच घडलं होतं. आज सांगताना दोन ओळींत संपतं.

पण मला दिसायला लागलं ते निराळंच. त्याच आठवड्यात मामाच्या बेंजोची खरखर गेली. वांग्यांतून असा गोल, भरलेला आवाज यायला लागला की माय चूल सोडून दारात येऊन उभी राहिली. मी विचारलं, काय केलंस रे मामा? तो म्हणाला, काई नाई, तारा बदलल्या. तारा तर मी रोज पाहत होते, त्याच गंजक्या होत्या. मी त्याच्या खोलीत गेले की तो बेंजोवर टॉवेल टाकायचा. एकदा मी चहा घेऊन गेले तर त्याने काहीतरी झटकन उशीखाली सारलं. मी तीन दिवस त्याच्या मागावर होते. कॉलेजातून आले की आधी त्याच्या चपला कुठे आहेत ते पाहायची. कोणाला काही बोलले नाही, पण मनात हिशेब जुळवत गेले. एकटा होता, दोन तास होता, गिटार उघडी होती अन् चांगल्या पिकपावर खूण नव्हती. आज वाटतं, त्याला एकदा सरळ विचारलं असतं तर काय जीभ झडली असती का माझी? पण संशयाला विचारणं आवडत नाही. त्याला फक्त पाहत राहणं आवडतं.

आठव्या दिवशी मास्टर आला तो गिटार खांद्यावर अन् चिठ्ठी हातात घेऊन. अकोल्यात त्याच्या ओळखीच्या रेडिओवाल्याने दोन्ही पिकप मोजले होते. चांगला पिकप सात नाही, सात पूर्णांक चार दाखवत होता. मास्टरचं म्हणणं एकच, आकडा बदलला म्हणजे माल बदलला. बाबा शांत होते. म्हणाले, त्याचा मीटर निराळा असेल, आपल्याच मीटरवर पाहू. बाकड्यावर त्या दिवशी दोन शेतकरी होते, तेही उठून जवळ आले. बाबांनी स्वतः टोकं चिमटीत धरली. सात पूर्णांक चार. पुन्हा धरली. सात पूर्णांक चार. बाबांच्या कपाळाची शीर मला दिसली. त्यांचाच मीटर, त्यांचीच चिठ्ठी, त्यांचीच सही. जो माणूस आयुष्यभर आकड्यावर बोट ठेवून बोलला, त्याला आकड्यानेच खोटं ठरवलं होतं.

"माहा ओरिजनल कोठी हाये?" मास्टर म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, हेच वाईट होतं. बाबा म्हणाले, आमच्याकडे असं होत नाही. मास्टर शेतकऱ्यांकडे पाहून म्हणाला, तुमच्या मोटारीत काय भरतात ते पाहून घेत जा मग. एका शेतकऱ्याने मान खाली घातली अन् त्याची नजर कोपऱ्यातल्या स्वतःच्या मोटारीवर गेली. ती नजर बाबांनी पाहिली. दुकान जाणार, मला वाटलं, आत्ता या क्षणी बाबांचं दुकान जाणार. तेवढ्यात मास्टरने विचारलं, घरात दुसरं कोणी वाजवणारं हाये काय?

माय मागच्या दारात उभी होती, मामा कोपऱ्यात मोटारीचं झाकण कसत होता. अन् मी म्हणाले, "मामाच्या बेंजोचा आवाज या आठवड्यात बदलला."

एवढंच. बदलला, म्हणून सांगितलं. चोर हा शब्द मी वापरला नाही, हे मी पुढे किती वर्षं स्वतःला सांगत राहिले. मामाने पेचकस खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. आत जाऊन बेंजो घेऊन आला, सगळ्यांसमोर टेबलावर पालथा घातला अन् एकेक स्क्रू स्वतः काढला. आतून निघाला तो त्याने हाताने केलेला पिकप होता. जुन्या फणीच्या लाकडावर तार गुंडाळलेली, फुटक्या स्पीकरचं चुंबक, वरून पट्टी. तार बाबांच्या बंद पडलेल्या रेडिओतली होती, न विचारता काढलेली, म्हणून तो लपवत होता. बाबांनी मोजला, तीनाच्या आसपास आला. मास्टरचा नव्हता, आंधळ्यालाही कळलं असतं. पण मास्टर म्हणाला, मग इकून टाकला असन. नसलेली वस्तू आपण घेतली नाही, हे माणसाने दाखवायचं तरी कसं? मास्टरने तो सात पूर्णांक चारचा पिकप गिटारीतून काढला, टेबलावर टाकला, तुमचा तुम्हाला ठेवा म्हणाला अन् गेला. त्याच्या मागोमाग तो शेतकरी आपली अर्धवट मोटार बैलगाडीत टाकून घेऊन गेला.

मामाने बेंजोचे स्क्रू परत बसवले. माय म्हणाली, जेवून घे. त्याने पिशवी भरली, पायात चपला घातल्या. तव्यावर पहिली भाकर फुगलेली होती. माय ती हातात घेऊन दारापर्यंत गेली, पण तो वळला नाही. अनसिंगला त्याच्या पार्टीचं घर होतं, तिकडे गेला. ती भाकर माय परत घेऊन आली अन् टोपलीत ठेवली. आमच्यापैकी कोणी खाल्ली नाही, दुसऱ्या दिवशी गाईला गेली.

पुढचे दिवस घर नुसतं खाली मान घालून जेवलं. वांग्याची भाजी तीच, ठेचा तोच, पण वाढताना मायची पळी ताटाला लागून वाजायची. बाबा रोज सकाळी तो पिकप मोजायचे, चिमटीत धरून, जणू एखाद्या दिवशी तो सात म्हणेल. तो रोज सात पूर्णांक चारच म्हणायचा. बाकडं रिकामं होतं. मायला भावाचा राग नव्हता अन् माझाही नव्हता, निदान तसं ती दाखवत नव्हती. फक्त एकदा लसूण सोलताना म्हणाली, त्याला वांग्यात बसायला लागते, अनसिंगात कुठी असतीन वांगे. मी मात्र अजून ठाम होते. मामाने विकला, हे मला मास्टरइतकंच पटलं होतं. मला सुधारायला वेळ लागतो, हे लिहून ठेवायला हवं.

मग एका दुपारी बाबा बाहेर गेलेले असताना मी सहज तो पिकप घेतला अन् मोजला. मीटरने दाखवलं, सात. मी पुन्हा मोजला. सात. सकाळीच बाबांच्या हातात सात पूर्णांक चार आले होते. मला पहिला विचार काय आला, सांगू? मला वाटलं, मामा गुपचूप येऊन गेला अन् मूळचा पिकप परत ठेवून गेला. इतकी मी पोचलेली होते. मी धावत मागे गेले अन् मायला म्हणाले, मामा आला होता का? माय मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होती. म्हणाली, कोठचा मामा, काहून? मी तिला ओढत दुकानात आणलं, आकडा दाखवला, सांगितलं की माल पुन्हा बदलला. तिला मीटरमधलं काही कळत नव्हतं. म्हणाली, दे बरं मले, धरून पाह्यतो. तिने तिच्या ओल्या, मेथीचं पाणी गळणाऱ्या हातांनी ती टोकं माझ्यासारखीच चिमटीत दाबली.

आकडा साडेसहाच्या खाली उतरला.

मी तिच्या हातातून टोकं घेतली, पदराने तिची बोटं पुसली, परत धरायला लावलं. आकडा चढला. पुन्हा पाण्यात बुडवली, उतरला. मग मी तारेची टोकं लाकडावर ठेवली अन् नुसत्या अणकुच्या वरून दाबल्या, कोणाचंही बोट न लावता. सात पूर्णांक चार. वीज पिकपातून जात होती तशी थोडी माणसातूनही जात होती. मोटारीच्या जाड तारेवर ते कधी कळलंच नसतं, तिथे विजेला मोकळा रस्ता असतो. इथे केसाएवढ्या तारेच्या हजारो वेढ्यांतून जाण्यापेक्षा तिला थोडं माझ्या अंगातून जाणं सोयीचं होतं. त्या दुपारी लाइट नव्हती, पंखा नव्हता, माझे हात घामाने भिजलेले होते. जे पॉइंट चार हरवले होते, ते कोणी चोरले नव्हते. ते माझ्या एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडले होते. बाबांची बोटं वार्निशची, त्यांच्यातून काही जात नव्हतं.

माय सगळं ऐकत होती. तिला किती समजलं कोण जाणे. हात पदराला पुसत म्हणाली, "गजाननले काय सांगशीन आता?"

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी स्वतःची बोटं ओली करून मोजून पाहिलं. मग पिकप अन् मीटर घेऊन मास्टरच्या सासरी गेले. मास्टरने स्वतःच्या हाताने दहा वेळा करून पाहिलं, कोरड्या हाताने, ओल्या हाताने, मग मेव्हण्याच्या हाताने. पिकप ठेवून घेतला. चुकलं असं काही म्हणाला नाही. बाबांनी तसं म्हणायला लावलं नाही. ते परत आले अन् मला म्हणाले की चूक त्यांची होती, मोजायची रीत त्यांनी शिकवली होती. ते एवढं म्हणाले नसते तर बरं झालं असतं. शेतकरी हळूहळू परतले, बाकडं भरलं. पावसाळ्याच्या तोंडावर मोटारी जळतातच, त्यांना तरी दुसरीकडे कुठे जायचं होतं.

अनसिंगला मी एकटी गेले, एसटीने, कापडी पिशवीत मीटर अन् मायने बांधून दिलेली वांग्याची भाजी-भाकर. पार्टीच्या खोलीत मामा ढोलकीवाल्याबरोबर बसला होता. मला पाहून ढोलकीवाला चहा सांगायला म्हणून उठून गेला. मी काही बोलायच्या आधी मीटर काढला. मला बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. त्याच्याच बेंजोचा पिकप उघडायला लावला, टोकं धरली, बोटं ओली केली, पुसली, सगळं करून दाखवलं. मामा लक्ष देऊन पाहत होता. शेवटी त्याने स्वतः बोटाला थुंकी लावून धरलं अन् आकडा पडलेला पाहून हसलासुद्धा. कारागीर होता तो, त्याला मजा वाटली. मला वाटलं, झालं, मिटलं. मी म्हणाले, मामा, चल घरी, मीटर खोटं बोलला.

मामाने तारा सोडून दिल्या. म्हणाला, "आकडा तुह्या बोटानं खाल्ला, पटलं मले. पण मंदे, माहं नाव तं मीटरनं नोतं घेतलं."

मी रडले. त्याने रडू दिलं. मग भाजी-भाकर उघडून निम्मी मला दिली अन् निम्मी स्वतः खाल्ली, एसटी यायला वेळ होता म्हणून बेंजोवर एक वरातीचं वाजवून दाखवलं, अन् स्टँडवर आणून गाडीत बसवून दिलं. रागावलेला नव्हता. पण घरी राहायला तो परत आला नाही.

पाहुणा म्हणून मात्र आला, दर सणाला, दर लग्नाला. पहिल्यांदा आला तो माझ्या साखरपुड्याला. जेवला, हसला, जायला निघाला तेव्हा उंबऱ्यात थांबला, पँटचे दोन्ही खिसे बाहेर उलटे काढले अन् सगळ्यांसमोर मला म्हणाला, पाहून घे वो मंदे. पाहुणे पोट धरून हसले. मामा-भाचीची थट्टा. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली, कोणी सांगितलेलं नसताना. त्यानंतर एकही वेळ त्याने ते चुकवलं नाही. दिवाळीला, बारशाला, बाबा गेले तेव्हा त्यांच्या तेराव्यालासुद्धा. खिसे उलटे, तेच शब्द, हसरा चेहरा. कधीकधी मला वाटायचं तो खरंच विसरून थट्टा करतो. कधी वाटायचं, मुळीच नाही. आयुष्यभर मी त्या हसण्यावर संशय घेत राहिले, म्हणजे पाहा.

दुकान आता मीच चालवते. कॉलेजची पोरं गिटारी घेऊन येतात. मोबाइलवर पाहून आलेली असतात, किती आकडा यायला हवा ते मलाच सांगतात अन् माझा मीटर घेऊन टोकं चिमटीत धरतात. मी म्हणते, बोट काढ रे. पकडी घे. ते विचारतात, काहून वो काकू, करंट लागते काय? मी म्हणते, लागते. एखाद्याला चाळीस वर्षं लागते.

मागच्या महिन्यात मामा आला होता. त्याचा नातू मोटारसायकलवर घेऊन आला. कानाने कमी ऐकू येतं, माणसं मिसळतात. मला दोनदा मायच्या नावाने हाक मारली. मी पहिली भाकर तव्यावरून उतरवली अन् त्याच्या ताटात टाकली, त्याने ती फुंकर मारत, बोटं झटकत खाल्ली. वांग्यांच्या जागी आता पाण्याची टाकी आहे, त्या टाकीकडे बराच वेळ पाहत बसला. मग नातवाने गाडी चालू केली. मामा उंबरा ओलांडून बाहेर पडला, पायरी उतरला, गाडीजवळ पोचला. खिशांना हात लावला नाही.

मी मागोमाग गेले. मला राहवलं नाही. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "मामा, खिसे?"

तो थांबला. लहान पोर काही मागतं तेव्हा माणूस जसा पाहतो तसा माझ्याकडे पाहायला लागला. मग दोन्ही खिशांत हात घालून चाचपले, रिकामेच बाहेर काढले अन् ओशाळून म्हणाला,

"काईच नाई वो पोरी खिशात. असतं तं तुले देल्लं नसतं काय?"